कनकाबाईंचे दहा तास

एग्मोरच्या विम्याच्या कचेरीत कनकाबाईंनी एकतीस वर्षं टाइपरायटर बडवला, आणि त्या एकतीस वर्षांत त्यांच्या कागदावर खाडाखोड पाहिलेला माणूस सापडणार नाही. साहेब बदलत गेले, टाइपरायटर जाऊन कंप्युटर आले, पण कोपऱ्यात त्यांच्या नावाची अक्षरं दिसली की न वाचता सही ठोकायची, ही रीत कुणी मोडली नाही. बाईंना त्याचा तोरा होता, आणि का नसावा? ही गोष्ट त्यांनी लिहिलेल्या एका खोट्या वहीची आहे, म्हणून त्यांचा हा लौकिक आधीच सांगून ठेवलेला बरा.

कनकाबाई तंजावरच्या मराठी. तीनशे वर्षांपूर्वी कुणी खापरपणजोबा फौजेमागून चालत दक्षिणेत उतरले आणि तिथलेच झाले, त्यांच्या वंशातल्या. वेस्ट मांबलमला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, नवरा सुंदरराव रेल्वेतून निवृत्त, मुलगा कार्तिकेय बंगळूरला. घरात बोलायची ती मराठीच, पण तिला तमिळ हेल असा की पुण्याचा पाहुणा पहिली दहा मिनिटं नुसती मान हलवतो. आणि पाळायची ती मडी. मडी म्हणजे आपलं सोवळं. पहाटे न्हायचं, काठीनं उंच वाळत टाकलेलं, कुणी न शिवलेलं नऊवारी नेसायचं आणि स्वयंपाक आटोपेपर्यंत कशालाही शिवायचं नाही. रोज एवढं कोण पाळतं? कनकाबाईही पाळत नव्हत्या. वर्षातून एकच दिवस त्या मडी अगदी काटेकोर पाळत, तो सासूच्या श्राद्धाचा.

सासू हे प्रकरण मोठं कडक होतं. तेवीस वर्षं एका घरात राहून तिनं सुनेच्या हातच्या एकाही पदार्थाला बरं म्हटलं नाही. सार पातळ, भात गिचका, खिरीला वेलदोडा कमी. मग शेवटच्या आजारात एका दुपारी, कुणी काही विचारलेलं नसताना, भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "वडे तू बेष करतीस. माझ्या श्राद्धाला तूच कर." एवढंच बोलली आणि तिसऱ्या दिवशी गेली. त्या वाक्यावर कनकाबाईंनी पुढची आठ वर्षं तिचं श्राद्ध एकटीनं रांधलं. ब्राह्मण जेवून उठेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, तो त्यांनी घेतला नाही. लोकांना हे वेडेपणाचं वाटेल, वाटू दे. तेवीस वर्षं वाट पाहून मिळालेलं कौतुक माणूस सहजासहजी हातचं जाऊ देत नाही.

२००५ साल संपता संपता कनकाबाईंच्या गुदाशयात गाठ निघाली. गाठीसकट तो भागच काढावा लागला. खालची वाट कायमची शिवून टाकली आणि आतड्याचं तोंड पोटावर डाव्या बाजूला बाहेर आणून ठेवलं. डॉक्टर त्याला स्टोमा म्हणत. त्यावर एक पिशवी चिकटवायची, भरली की काढायची, दुसरी लावायची. कळ येत नाही, थांबवता येत नाही, जे यायचं ते त्याच्या वेळेला येतं. "जीव वाचला, आणखी काय पाहिजे," असं जो तो म्हणाला. जीव खरंच वाचला होता. तो घेऊन पुढे करायचं काय, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

पिशवीपेक्षा बाईंना आवाजाचा जाच जास्त होता. खालच्या मजल्यावर वरलक्ष्मीच्या पूजेला बायका जमल्या होत्या. मंत्र संपून सगळ्या डोळे मिटून बसल्या आणि त्या शांततेत कनकाबाईंचं पोट बोललं, चांगलं लांबलचक बोललं. कुणी हसलं नाही. यजमानीणबाईंनी उगाच घंटा उचलून पुन्हा वाजवली. कुणी हसलं असतं तर एकवेळ बरं झालं असतं, पण ती दुसऱ्यांदा वाजवलेली घंटा बाईंच्या मनातून जाईना. त्या घरी आल्या आणि त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणं बंद केलं.

"तुला कोण गे अडवलं?" सुंदरराव म्हणाले.

"अंगावर ते बांधून चुलीकडे कशी जाऊं? कोणी अडवलं नाही. माझी मीच अडवली."

त्यानंतर कॉफी सुंदरराव करू लागले. ती कॉफी कशी होत असे याबद्दल न बोललेलं बरं. त्या वर्षीच्या श्राद्धाला पगारी स्वयंपाकीण आली. कनकाबाई दिवसभर आतल्या खोलीत दार लोटून, पोटावर हात दाबून बसल्या आणि बाहेर पळी कितीदा पडली ते ऐकत राहिल्या. वडे तेलकट झाले होते. सुंदररावांनी एकच खाल्ला, हे बाईंनी पानावर पाहिलं.

पुढच्या वर्षी, २००७ च्या जुलैत, त्या तपासणीला रुग्णालयात गेल्या तेव्हा स्टोमाच्या खोलीत नवी नर्स होती. नाव स्वरदा, मूळची साताऱ्याची, नवरा मोटारींच्या कारखान्यात म्हणून इकडे आलेली. कनकाबाई सुंदररावांशी काहीतरी पुटपुटल्या ते तिनं ऐकलं आणि खुर्चीवरून उठलीच.

"काकू, तुम्ही मराठी?"

"मग काय. आम्ही तंजावरचे. तूं कुठची गे?"

त्या दिवशी बाहेर रांग ताटकळली आणि आत या दोघी तासभर बोलत बसल्या. स्वरदाला निम्मं कळत नव्हतं, पण आठ महिन्यांत घराबाहेर मराठी कानावर न पडलेल्या मुलीला निम्मंही पुष्कळ होतं. उठता उठता तिनं ती गोष्ट काढली. परदेशातून एक नवीन साधन आलं होतं. पिशवीऐवजी स्टोमात घालायचा एक मऊ प्लग, करंगळीएवढा. आत गेला की ओलाव्यानं त्याचं आवरण विरघळतं आणि स्पंज फुगून तोंड बंद करतो. वायू आवाज आणि वास न करता गाळून बाहेर येतो. वापरायचा आणि टाकून द्यायचा. आपल्या लोकांना, आपल्या जेवणाखाण्यावर तो कितपत चालतो, हे बघायला बारा पेशंट निवडायचे होते. सहा आठवडे प्लग फुकट, फक्त रोज वही लिहायची.

"बूच," सुंदरराव म्हणाले. त्यांनी शेवटपर्यंत त्याला दुसरं नाव दिलं नाही.

वहीत रकाने होते. किती वाजता बसवला, किती वाजता काढला, गळती झाली का, आवाज झाला का, दुखलं का, आहार नेहमीचा होता का. "सुरुवातीला दोन-तीन तास, मग वाढवत न्यायचं," स्वरदानं समजावलं. "बारा तासांच्या वर नाही. आणि दुखलं की लगेच काढायचा, काकू. हे महत्त्वाचं." शेवटी तिनं हेही सांगितलं की पहिल्या दोन आठवड्यांत ज्याचं सहा तासांपर्यंत जमणार नाही त्याला यादीतून काढावं लागेल, कारण प्लग मोजकेच आले आहेत. कनकाबाईंनी मनात हिशेब मांडला. श्राद्ध पाचव्या आठवड्यात येत होतं.

मडीचा प्रश्न त्यांनी आधीच सोडवून घेतला. कुळाचे उपाध्याय त्र्यंबकशास्त्री यांना सुंदररावांकरवी फोन करवला, आपलं नाव न घेता. शास्त्रीबोवा जुने पण सरळ. ते म्हणाले, अंगाबाहेर मळ वागवून पाकाला शिवू नये हे खरं, पण पोटाच्या आत असतं ते तर माझ्याही पोटात आहे, त्याचं शास्त्र कोण विचारतो? फोन ठेवून सुंदररावांनी हे सांगितलं तेव्हा कनकाबाई भिंतीला टेकून रडल्या. दीड वर्षात त्या पहिल्यांदाच रडत होत्या. बूच बसलं तर घर त्यांचं पुन्हा त्यांना मिळणार होतं.

पहिला प्लग स्वरदानंच बसवला. मिनिटभरानं पोटात किंचित भरल्यासारखं झालं, आणि मग काहीच नाही. पोटावर फुगवटा न येता साडी सरळ बसली. बाई घरी आल्या, न्हाल्या, उंबऱ्यापाशी क्षणभर थांबल्या आणि आत गेल्या. डबे सगळे चुकीच्या जागी होते. त्यांनी तासभर नुसते डबे लावले, आणि सुंदरराव दारात उभे राहून एकेका डब्यासाठी बोलणी खात राहिले. इतकं सुख त्या घरात फार दिवसांनी आलं होतं.

पण बूच म्हणजे बूच. चौथ्या दिवशी रंगनाथन रस्त्यावर भाजी घेताना पोटात पिळवटून आलं आणि ते उडालं. आत लावलेल्या जादा फडक्यानं लाज राखली इतकंच. घड्याळ पाहिलं तर साडेचार तास झाले होते. पाचव्या दिवशी पाच तास, सहाव्या दिवशी पुन्हा चार. सांबार-भात, दोन भाज्या, संध्याकाळी सुंदररावांबरोबर एखादी इडली, असं साधं माणसाचं जेवण जेवलं की आतडं आपलं काम करणारच. वहीत त्यांनी हे सगळं खरं लिहिलं. मग पानं उलटून दोन आठवड्यांचा शेवट कधी येतो ते पाहिलं.

सातव्या दिवशी एकादशी होती. बाईंचा नेहमीप्रमाणे उपास, दिवसभरात एक केळं आणि वाटीभर ताक. त्या दिवशी बूच नऊ तास टिकलं.

इथून पुढे काय झालं ते सांगायला सोपं आहे. दुसऱ्या दिवशी त्यांना आठवलं की आज गुरुवार, आणि गुरुवार पूर्वी करत होतो. मग शुक्रवार देवीचा. शनिवार तर शनीचा आहेच. सोमवार, षष्ठी, प्रदोष, संकष्टी. पंचांगात उपासाला तोटा नाही, हवा तेवढा सापडतो. मधल्या दिवशी दोन घास दहीभात. "आहार नेहमीचा होता का?" या रकान्यात त्यांनी रोज बरोबरची खूण केली. पहिल्या दिवशी हात जरा अडखळला. पण ज्या घरात वर्षाला पन्नास उपास होतात तिथे उपास हाही नेहमीचाच आहार, असं त्यांनी स्वतःला पटवलं. ते पटण्यासारखं होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. दुसऱ्या कुणा बाईला हे सुचलं नसतं. तिला खोटं लिहायचं म्हणजे खोटंच लिहावं लागलं असतं.

तास चढत गेले, नऊ, साडेनऊ, दहा. दर मंगळवारी स्वरदा वही उघडायची आणि तिचा चेहरा खुलायचा.

"काकू, तुमची वही बघायलाच लागत नाही. डॉक्टरांना दाखवली मी. ते म्हणाले, ही बाई आपली आशा आहे."

"वजन उतरलं वाटतं?" तिनं एकदा विचारलं.

"उगेच. पायऱ्या चढतें ना."

घरी सुंदररावांना सगळं दिसत होतं. ते वाढलेलं पान घेऊन समोर बसत. "एक इडली खा गे. अर्धी तरी." बाई म्हणत, श्राद्ध होऊं दे, मग अस्कं खाईन, सगळंच. रात्री झोपताना पोट पाठीला लागलेलं असे, पण दिवसभर घरात कुठेही फिरता येत होतं, आणि त्या बदल्यात त्यांना भूक स्वस्त वाटत होती.

चौथ्या आठवड्यात स्वरदा म्हणाली, "अंबत्तूरचा एक जण आहे यादीत. राणोजी. तुमच्यातलाच, तंजावरकडचा. कारखान्यात प्रेस मशीनवर होता. शेजारचे लोक वासाची तक्रार करतात म्हणून घरी बसवलाय. फोरमन म्हणतो, आठ तासांची पाळी उभा राहू शकत असशील तर ये. आणि त्याचं साडेसहाच्या वर जात नाही. मी त्याला सांगते, वेस्ट मांबलमला एक अम्मा आहे, साठीला आलेली, ती दहा तास ठेवते. तुला का जमू नये?"

कनकाबाईंनी विचारलं, "तो काय खातो?"

"खातो की सगळं. बायको डबा भरून देते. का?"

"उगेच," बाई म्हणाल्या.

सांगायला तेव्हाच हवं होतं. परतताना आगगाडीत त्या हेच घोकत होत्या, की सांगायला हवं होतं. पण सांगितलं की बूच गेलं, आणि श्राद्ध आठ दिवसांवर. त्यांनी मनाला बजावलं की तो तरुण आहे, त्याचं त्याला जमेल. मनाला बजावलेलं मन ऐकतंच असं नाही. त्या आठ दिवसांत त्यांना पाहिलेलाही नसलेला तो माणूस येता जाता दिसायला लागला, हातात मोठा डबा घेऊन.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी फोन वाजला. बाई उडीद निवडत होत्या. फोनवर स्वरदा होती.

"काकू, उद्या येऊ शकाल का? राणोजीला परवा कामावर बोलावलंय, म्हणून उद्या तो घरी पाळीएवढा वेळ ठेवून बघणार म्हणतोय. त्याला दुखतं, मला माहीत आहे, पण तो कबूल करत नाही. एकदा तुम्ही भेटून सांगा, तुम्ही नक्की कसं करता. तो म्हणतो, अम्मा सांगतील तसं करतो."

बाईंनी परातीतल्या उडदाकडे पाहिलं. फोनवर सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. त्याला म्हणावं, ती अम्मा जेवत नाही. बोलायला चार सेकंद लागले असते.

"उद्या होत नाही कण्णा, बाळा. सासूचं श्राद्ध अहे," कनकाबाई म्हणाल्या. "परवा सकाळीं येतें. नक्की."

"बरं. परवा पाळी आहे त्याची, पण मी त्याला तसं सांगते."

श्राद्धाच्या दिवशी पहाटे चारला बाईंनी प्लग बसवला, न्हाल्या, काठीवरचं नऊवारी नेसल्या आणि आत गेल्या. श्राद्धाला मिरची चालत नाही म्हणून सगळं मिऱ्यावर. सार, कारल्याची भाजी, कच्च्या केळ्याची भाजी, खीर, आणि शेवटी वडे. दहाच्या सुमाराला डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्यांनी ओट्याची कड धरली, काजवे जाऊ दिले आणि पुन्हा उडीद वाटायला घेतला. हाताला सगळं आठवत होतं. बाहेर मंत्र चालले होते, मध्ये मध्ये शांतता होत होती, आणि त्या शांततेत त्यांचं पोट गप्प होतं. त्या वेळी त्या सुखी होत्या हे लपवण्यात अर्थ नाही. त्या पुऱ्या सुखी होत्या, आणि सकाळपासून एकदाही त्यांना राणोजी आठवला नव्हता.

दोन वाजता ब्राह्मण जेवून उठले. हात धुता धुता त्र्यंबकशास्त्री म्हणाले, "वडे बेष झाले." सुंदररावांनी चार खाल्ले होते. ते पानावरून उठेनात, मान खाली घालून बसून राहिले, आणि मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

सगळे गेल्यावर कनकाबाई पान मांडून बसल्या. दहा तास झाले होते. त्यांनी न्हाणीघरात जाऊन बूच काढलं, पिशवी लावली, लुगडं बदलून परत आल्या आणि वड्याचा तुकडा मोडून तोंडात घातला. महिनाभरात दातांखाली आलेला तो पहिला खरा घास. इतका चांगला लागला की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आणि घास चावता चावता त्यांना अंबत्तूरचा तो डबा आठवला. आज तोही पाळीएवढा वेळ धरून बसला असेल, पोटभर जेवून, आपल्या दहा तासांवर विश्वास ठेवून. त्यांनी उरलेला वडा पानात परत ठेवला.

ऊन कलायच्या आत त्यांनी वही काढली. कचेरीत खाडाखोडीची एक रीत असते. चुकलेलं खोडून काळं करायचं नाही, वरून एक बारीक रेघ मारायची, बाजूला खरं लिहायचं आणि खाली आपली सही करायची. एकतीस वर्षं त्यांनी इतरांना ही रीत शिकवली होती, स्वतःला कधी लागली नव्हती. आता त्या एकेक पान घेत गेल्या. "नेहमीचा आहार: होय" यावर रेघ, बाजूला "नाही. एक केळं, ताक." सही. "नाही. काही खाल्लं नाही." सही. अठ्ठावीस पानं होती. सुंदरराव कॉफी घेऊन आले, वहीत डोकावले आणि कप ठेवून निघून गेले.

शेवटच्या पानावर एकच प्रश्न होता. हे साधन पुढेही वापरायला तुम्हाला आवडेल का? तिथे त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात उतावीळपणानं "होय" लिहून ठेवलं होतं. त्या पानावर रेघ मारावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पिशवी लावून निघाल्या. हातातल्या कापडी पिशवीत वही आणि उरलेली अकरा बुचं. एग्मोरला उतरून चालत रुग्णालयात पोचल्या तर स्टोमाच्या खोलीला कुलूप. स्वरदा वरच्या मजल्यावर वॉर्डाच्या दाराशी सापडली. तिनं केस विंचरलेले नव्हते.

"काकू, काल संध्याकाळी आणलं त्याला. अकरा तास ठेवलं त्यानं. सहाव्या तासापासून दुखत होतं, तरी काढलं नाही. आतड्याचं तोंड सुजून काळंनिळं झालंय, रक्त गेलंय बरंच. डॉक्टर म्हणतात, कदाचित पोट पुन्हा उघडावं लागेल. मी त्याला दहा वेळा सांगितलं होतं, दुखलं की काढ. तो म्हणे, अम्मा काढते का?"

कनकाबाईंनी वही पुढे केली. स्वरदानं उभ्यानंच पानं उलटली. बारीक रेघा, बाजूला शब्द, खाली सही. दहाव्या-बाराव्या पानानंतर तिनं वाचणं थांबवलं आणि नुसती पानं मोजत गेली.

"तुमची वही बघायला लागत नाही म्हणाले होते मी," ती म्हणाली. "सहा किलो उतरलात तुम्ही. वजनाचा काटा माझ्याच टेबलाशेजारी आहे." मग म्हणाली, "परवा फोन केला होता ना मी तुम्हाला, काकू?"

"केलतीस."

स्वरदानं वही मिटली. तिनं ओरडावं असं बाईंना फार वाटत होतं. तिनं बुचांची पिशवी हातातून घेतली, आणि दार ढकलून आत जायला वाट दिली.

राणोजी खिडकीजवळच्या खाटेवर होता. चाळिशीच्या आतला, रुंद हाडाचा माणूस, हाताला सलाईन. उशाशी स्टुलावर स्टीलचा चार कप्प्यांचा डबा होता, तसाच बंद. कनकाबाई जवळ आल्या तेव्हा त्यांनी नाव सांगायच्या आधीच त्यानं ओळखलं आणि कोपरावर उठायला लागला.

"नको, नीज," बाई म्हणाल्या.

"अम्मा, तुम्ही कशाला आलांत येवढ्या लांब?" त्याची मराठी त्यांच्याच घरातल्यासारखी होती. "माझंच चुकलं. मला धरतां आलं नाही. तुम्ही कसं करतांत?"

बाईंनी खाटेची पट्टी धरली. "मी जेवत नव्हतें," त्या म्हणाल्या. "महिनाभर. एक केळं, थोडं ताक. म्हणून टिकत होतं. वहीत ते लिहिलं नव्हतं. जेवणाऱ्या माणसाला दहा तास होत नाही, राणोजी. मलाही झालं नाही. चार तास, पाच तास. पहिल्या आठवड्यात माझंही उडालं होतं."

त्याला कळायला वेळ लागला, आणि कळत गेलं तसं ते चेहऱ्यावर दिसत गेलं. त्यानं डब्याकडे पाहिलं, मग पोटावरच्या बँडेजकडे पाहिलं. आज त्याला कामावर जायचं होतं. सकाळची पाळी तासाभरापूर्वी सुरू झाली असणार. आता हा काय बोलेल त्याला बाई तयार होत्या. रात्रभर त्यांनी त्याचं बोलणं आपल्याच मनाशी बोलून पाहिलं होतं, जितकं वाईट बोलता येईल तितकं.

राणोजीनं मान पुन्हा उशीवर टेकली. वॉर्डात कुणी बोलत नव्हतं, आणि बाईंची पिशवी त्या शांततेत बोलली. त्यांनी पोटावर हात ठेवला नाही.

"सिस्टर सांगटली, काल तुमच्या घरीं श्राद्ध होतं म्हणून," राणोजी म्हणाला. श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी भेटलं की आपल्यातला कुणीही जे विचारतो तेच, आणि तशाच आवाजात, त्यानं विचारलं. "बेष झालं का, अम्मा?"

कनकाबाईंनी तोंड उघडलं. खरं उत्तर एका शब्दाचं होतं, बेष. त्या खाटेची पट्टी धरून उभ्या राहिल्या, आणि तो एक शब्द त्यांना सांगता आला नाही.